मदत हवी आहे: पंचवीस पानांसाठी सोलकढी, न फुटता

रविवारी दुपारी पंचवीस माणसं जेवायला आहेत. सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, भात आणि सोलकढी. अडलंय ते कढीवर. एका नारळाची पाऊण लिटर, माणशी 150 मिली, म्हणजे पाच नारळ. कोमट पाण्यात वाटून दाट आणि पातळ दूध एकत्र, लिटरला 60 मिली आगळ (कोकमाचा आंबट रस), लसूण, हिरवी मिरची, जिरं. मीठ शेवटी चाखूनच, कारण आगळात ते आधीच असतं.

सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवली की दुपारी वर पांढरी कणीदार साय, खाली गुलाबी पाणी. खोबऱ्याचं तेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यात आगळाच्या आंबटपणाने दूध फाटतं, हे समजतं. पण उपाय कोणता? दूध आणि आगळ वेगळं ठेवून वाढताना मिसळायचं का? मग पुण्यातल्या मे महिन्यात दूध बाहेर किती तास टिकेल? डब्यातलं नारळाचं दूध थोडं घातलं तर चव बिघडते का? माझ्या मते बिघडते, पण कुणी करून पाहिलं असेल तर प्रमाण सांगा.

अजून एक. जेवणाआधी काजूफेणी द्यायची आहे. 2009 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं गोव्याचं हे पेय कोलात बुडवणं मला पटत नाही. लिंबू, मीठ, सोडा आणि चिरलेली मिरची एवढंच हवं. वास नकोसा वाटणाऱ्यांसाठी 30 मिलीला सोडा किती घालता?