पावसाळ्यानंतर एका दिवसाचा फेरा: ताम्हिणी, आंबेनळी, पसरणी. १५० सीसी, डबलसीट

कोथरूडकर_१५०

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारचा बेत आहे. मार्ग असा: चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई, सुरूर आणि महामार्गाने परत. अंतर साधारण ३१० ते ३१५ किमी भरतंय.

गाडी १५० सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर ट्यूबलेस. पावसाळाभर रोज शहरात चालली आहे, शेवटची सर्व्हिसिंग जूनमध्ये झाली. मागे एक जण असणार.

फेरा याच दिशेने करावा की उलटा? निघण्याआधी गाडीत नेमकं काय बघावं? घाटांत या दिवसांत कशाची काळजी घ्यावी? आणि येताना कास करता येईल का?

घाटमाथा

दिशा हीच ठेवा. ऑक्टोबरात हा फेरा ठरतो तो उन्हावर आणि उजेडावर. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो. पोलादपूरहून पूर्वेकडे चढायला लागेपर्यंत ऊन बरंच डोक्यावर आलेलं असतं, डोळ्यांत नाही. उलटे गेलात तर भर दुपारी महाड-माणगाव पट्ट्यात सापडाल. ऑक्टोबर हीटमध्ये तिथली दमट हवा जॅकेट-हेल्मेटमध्ये फार थकवते. शिवाय ताम्हिणी संध्याकाळी चढावा लागेल, आणि तिथे बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही.

शेवटच्या आठवड्यात पुण्यात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सहा-सव्वासहाला होतो. त्यामुळे वेळापत्रक साधारण असं बसतं: ६ वाजता चांदणी चौक, साडेसातला ताम्हिणी, नाश्ता धरून सव्वानऊपर्यंत माणगाव, पावणेअकराला पोलादपूर, साडेबारापर्यंत महाबळेश्वर, दोनला वाईत जेवण, सव्वातीनला वाई सोडायची. म्हणजे उजेडात घरी. प्रतापगड यात बसत नाही. कुंभरोशीहून वर जाऊन गड बघून यायला दीड-दोन तास लागतात. तो हवा असेल तर महाबळेश्वरात कुठेही थांबू नका.

पेट्रोल पिरंगुट किंवा पौडला भरा. तिथून पुढे घाट उतरेपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. दुसऱ्यांदा पोलादपूरला, कारण पुढे जवळपास समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरपर्यंतचा चढ आहे आणि डबलसीट गाडी तिथे नेहमीपेक्षा जास्त पिते. ताम्हिणी उतरल्यावर विळ्याला डावीकडे निजामपूर-माणगाव, उजवीकडे सुतारवाडीवरून कोलाड. नकाशाचं ॲप बंद पडलं तरी एवढं लक्षात असू द्या. माणगावच्या बाजारात सुट्टीच्या दिवशी वाहनांची कोंडी होते, म्हणून नऊच्या आसपास तिथून निसटलेलं बरं.

कास या दिवशी नको. पठार साताऱ्याहून पंचवीसेक किमी आत आहे, म्हणजे फेरा ४०० किमीच्या वर जातो. आणि तिथला बहर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध. महिनाअखेरीस गवत पिवळं पडलेलं असतं. फुलांसाठी जायचं तर सप्टेंबरात, आधी ऑनलाइन नोंदणी करून आणि शक्यतो रविवार टाळून जा.

चेनस्प्रॉकेट

गाडीचं सांगतो. पावसाळ्यातला चिखल दिसत नाही अशा जागी बसून राहतो, आणि लांबच्या घाटात नेमक्या त्याच जागा बोलायला लागतात. निदान आठवडाभर आधी बघा. आदल्या संध्याकाळी काही सापडलं तर सुटा भाग मिळत नाही.

चेन आधी. रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवा, पेट्रोलने नको. ओ-रिंगवाली चेन असेल तर पेट्रोलने आतली रबरं खराब होतात. पुसून कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत लावा. हे रात्री करा, म्हणजे सकाळपर्यंत तेल मुरतं आणि उडत नाही. चेन धुताना इंजिन चालू ठेवून गिअर टाकायचा नाही. बोटं जातात.

मग ताण. खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, चेन वर-खाली दाबून हालचाल मोजा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना २५ ते ३० मिमी लागते, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. एकाच जागी मोजून सोडू नका. चाक पाव-पाव फेरा फिरवत चार ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सर्वांत घट्ट भरते, तिथल्या मापावर ताण लावा. दोन जागांत ठळक फरक असेल तर पावसात काही कड्या गंजून आखडल्या आहेत. रॉकेलने सुटल्या नाहीत तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलायचा, नुसती चेन नाही. डबलसीट जायचं म्हणून चेन जास्त ताणू नका. मागे वजन आलं की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते. तो सगळा भार गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर येतो.

तुमच्या गाडीत मागे ड्रम आहे, त्यामुळे एक गोष्ट हमखास राहते. चाक मागे सरकवलं की ब्रेकची सळई ओढली जाते. म्हणून आधी एक्सलचा आणि टॉर्क आर्मचा (ड्रमला फिरू न देणाऱ्या पट्टीचा) नट सैल करायचा, चेन लावायची, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करायच्या, एक्सलचा नट आवळायचा, मग टॉर्क आर्मचा नट. शेवटी ब्रेक पेडलचा खेळ परत २० ते ३० मिमीवर आणायचा आणि ब्रेक लाइट वेळेवर लागतो का ते बघायचं. हे राहिलं तर ब्रेकचे शू ड्रमला घासत राहतात आणि घाटात ड्रम तापून ब्रेक मऊ पडतो. ड्रम उघडायला सांगाच. आत काळी पूड आणि चिखल जमलेला असतो. ब्रेक-शूंवर पॉलिश पेपर घासून घ्या आणि शू फाकवणाऱ्या कॅमला अगदी थोडं ग्रीस. ड्रमच्या पॅनलवरचा बाण खुणेपलीकडे गेला असेल तर शू संपले.

पुढच्या डिस्कला पॅडवरची खाच दिसते का बघा. कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) पिना चिखलाने अडकल्या असतील तर एकच पॅड झिजतो. काढून पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि लांब उतारावर तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन लिव्हर थेट हँडलला टेकतो.

बाकी झटपट. इंजिन ऑइल जूनपासून चाललंय, बदला. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. कागदी एअर फिल्टर ओला होऊन वाळला असेल तर नवीन टाका, तो धुता येत नाही. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी खेळ हवा. पुढचं चाक अधांतरी धरून हँडल सावकाश वळवा. बरोबर मधे खटकन बसलं तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेलाय. साइड स्टँडचा सेन्सर असेल तर तिथला चिखल धुवा, नाहीतर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं.

टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना. या गाड्यांत बहुधा पुढे २५, मागे एकट्याला २८, डबलसीटला ३२ पीएसआय. चेनकव्हरवरच्या स्टिकरवर तुमचा आकडा असतो. पंक्चर किट, निदान चार पट्ट्या, छोटा पंप, दोन फ्यूज आणि प्लगचा पाना सोबत ठेवा.

आंबेनळी_उतार

रस्त्यांबद्दल. या महिन्यात पाऊस थांबलेला असतो, रस्ता कोरडा दिसतो, म्हणून वेग वाढतो. धोका कोरड्यातच आहे.

पावसाने डांबरातून सुटलेली बारीक खडी वाहनांच्या चाकांनी वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि मधल्या पट्ट्यात ढकलली जाते. चाकं जिथून जातात ते दोन पट्टे स्वच्छ, बाकी खडी. त्यामुळे बाहेरून आत जाणारी मोठी रेषा इथे धरू नका. आपल्या बाजूच्या चाकोरीतून जा, ब्रेक वळणाआधी संपवा, खडीवर पुढचा ब्रेक धरू नका. ताम्हिणीत झाडीखालच्या, ऊन न पोचणाऱ्या वळणांवर शेवाळ महिनाअखेरीपर्यंत टिकतं. सकाळच्या दवाने ते पुन्हा निसरडं होतं. सावलीचं वळण दिसलं की आधीच एक गिअर कमी.

कडेचं गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. डांबर आणि साइडपट्टी यांच्यातली वीतभर पायरी, उघडं गटार, पडलेला कठडा, सगळं त्यात झाकलं जातं. समोरून एसटी आली म्हणून डोळे मिटून डावीकडे उतरू नका. फोटोला थांबायचं तर मोकळी, गवत नसलेली, वळणापासून लांबची जागा बघा. आंबेनळीचा रस्ता जुलै २०२१च्या अतिवृष्टीत खचून बंद झाला होता. कडे अजूनही सुटे आहेत, म्हणून दगड-माती पडलेली दिसेल तिथे थांबायचंच नाही.

मुळशी आणि वाई, दोन्हीकडे भात कापणी-मळणीचे दिवस. रस्त्यावर पेंढा पसरलेला असतो. त्यावर वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, गाडी सरळ ठेवून जायचं. वाईच्या बाजूला उसाचा हंगाम सुरू झाला असेल तर ट्रॉल्या भेटतील, अनेकींना मागे दिवा नसतो. उजेडात परतायचं ते यासाठीही.

आंबेनळी चढताना डबलसीट १५० सीसीला बरीच वळणं दुसऱ्या गिअरमध्ये लागतील, तीव्र वळणं कधी पहिल्यात. अर्धा क्लच धरून गाडी ओढू नका, प्लेटा जळतात. अरुंद चढावर चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य आहे, तरी हॉर्न देऊनच वळा. पसरणीत पाचगणी ते वाई बारा-तेरा किमीत साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार आहे. दुसरा-तिसरा गिअर ठेवून इंजिनावर उतरा. ब्रेक दाबा, सोडा, दाबून ठेवू नका. करपल्याचा वास आला तर पंधरा मिनिटं थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते.

महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डावीकडे राहा आणि ट्रकच्या पुढेमागे रेंगाळू नका. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन अनेक अपघात झाले आहेत.

भोर_फाटा

वरच्या सगळ्याशी सहमत, पण मूळ बेताबद्दल माझं मत वेगळं आहे. ३१५ किमी, तीन घाट, १५० सीसी, डबलसीट म्हणजे थांबे धरून साडेअकरा तास. चालवणाऱ्याला जमेल, मागे बसणाऱ्याचं काय? त्याला हँडल नाही, प्रत्येक वळणाला आणि ब्रेकला मांड्यांवर जोर येतो. सवय नसेल तर दोनशेनंतर माणूस ढिला पडतो, आणि तो हलला की गाडी हलते.

पहिल्यांदा पुणे, कापूरहोळ, भोर, मांढरदेवीचा घाट, वाई, सुरूर, पुणे करा. साधारण १८० ते १९० किमी. घाट मिळतो, धरणाचं पाणी मिळतं, वाईत निवांत जेवण होतं आणि चार वाजता घरी.

घाटमाथा

मुद्दा बरोबर आहे. मागचा माणूस नवखा असेल तर भोर-वाईच करा. सवय असेल तर दर ६० किमीला दहा मिनिटं खाली उतरायचं, पाणी प्यायचं. दोघांत तीन लिटर पाणी आणि कोकणात मिठा-साखरेचं काहीतरी. हेल्मेट दोघांनाही, ते कायद्यानेही सक्तीचं आहे. सकाळी मुळशीत गारठा आणि महाडला घाम, म्हणून एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा जाळीचं जॅकेट आणि आत काढता येईल असा थर. परतीचा पाऊस दुपारनंतर गाठू शकतो. विजा कडाडत असतील तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या बांधकामात जा.

कोथरूडकर_१५०

मागे बसणाऱ्याला २०० किमीची सवय आहे, ३०० ची नाही. मोठाच फेरा धरतो, पण मधून परत फिरायची जागा कोणती ठरवावी? महाडहून वरंध घाटाने भोरला निघता येईल का?

भोर_फाटा

परत फिरायची जागा माणगाव. तिथे दहा वाजून गेले असतील किंवा मागचा माणूस थकला असेल तर आलात तसे ताम्हिणीने परत, दुपारी एक-दीडपर्यंत पुण्यात. पोलादपूर सोडल्यावर मात्र पुढे जाणंच सोपं.

वरंध गृहीत धरू नका. तो पावसाळ्यात आणि रस्त्याच्या कामासाठी वारंवार बंद ठेवतात. जिल्हा प्रशासनाचा आदेश आठवड्यात बघा आणि शनिवारी भोर किंवा महाड पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करा. उघडा असेल तर महाडहून भोर पाऊणशे किमी. बंद फाटकापर्यंत जाऊन मागे यायचं म्हणजे दीड-दोन तास हातचे जातात, आणि मग वाईहून परतताना अंधार गाठतो.