पत्र्याची कंट्रोल रूम अन् दुपारी बंद पडणारा ईडीएफए

कंट्रोलरूमवाला (हिंगणघाटकडे):
राजेहो, आमची केबलची कंट्रोल रूम १० बाय १२ ची, वर पत्रा, खाली पीओपी. एकाच रॅकमध्ये रिसीव्हर, एन्कोडर, १५५० नॅनोमीटरचा ऑप्टिकल ट्रान्समीटर आणि सगळ्यात वर ईडीएफए, म्हणजे फायबरमधला सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर. क्लॅम्प मीटर लावला तर ९ अँपिअर. एसी दीड टनाचा, एक्झॉस्टही दिवसभर चालू. तरी बाहेर ४५ झालं की दुपारी ईडीएफए अलार्म देतो आणि आउटपुट बंद करतो. रविवारी साडेतीनच्या मॅचला असंच झालं. तीन गावं बंद, फोन चालू. एक म्हातारेबुवा काठी टेकत थेट खोलीपर्यंत आले. आता दोन टनाचा एसी घेऊ की कूलर बसवू?

निवृत्त_एलपीटी:
भाऊ, थांबा जरा. ९ अँपिअर म्हणजे साधारण दोन किलोवॅट, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. दीड टन कागदावर पाच किलोवॅट ओढतो. हा आकडा बाहेर ३५ डिग्री धरून असतो, आपल्या मेमध्ये कमीच मिळणार, तरी पुरायला पाहिजे.
एसी चालू असताना एक्झॉस्ट काहून चालवता? तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच ४५ ची हवा दाराच्या फटीतून आत येते. बिल भरून गार केलेली हवा शेतात सोडता तुम्ही.
आणि एक करा. उदबत्ती पेटवून रॅकच्या माथ्यावर धरा, धूर कुठं जातो ते सांगा.

कूलरप्रेमी_यवतमाळ:
मी तर कूलरच लावला. मेमध्ये हवा कोरडी, मस्त गार होते, एसीच्या मानानं बिल काहीच नाही.

निवृत्त_एलपीटी:
मेपुरतं खरं आहे. पण बोअरच्या पाण्याचा क्षार कूलरच्या ताट्यांवर पांढरा दिसतो ना, तोच तुषारांसोबत कार्डांवर बसतो. आणि मृग लागला की कूलर नुसती ओल देतो. घरी लावा, रॅकसमोर नको.

कंट्रोलरूमवाला:
काका, उदबत्तीनं सगळं दाखवलं. रॅक भिंतीपासून चारच बोटं. मागची गरम हवा माथ्यावरून वळून परत पुढं येत होती, ईडीएफए तीच ओढत होता. त्याचा फिल्टर काढला तर आत चक्क गादी! बाजूला जिनिंग आहे, दिवाळीपासून रुई उडते, मी पाहिलंच नव्हतं.
रॅक दोन फूट पुढं घेतला, रिकाम्या खणांवर पट्ट्या मारल्या, ईडीएफए खाली उतरवला, पत्र्याला चुना मारला. लाईन गेली की काय करू? इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, तेव्हा एक्झॉस्टवर भागेल काय?

निवृत्त_एलपीटी:
हिवाळ्यात भागेल. दोन किलोवॅटला खोली बाहेरपेक्षा १० डिग्रीच वर ठेवायची तर तासाला साधारण ६०० घनमीटर हवा लागते. पण बाहेर ४५ असेल तर आत ५५ झालं, आणि तुमच्या मशीनवर बहुतेक ० ते ५० लिहिलेलं असेल. म्हणून उन्हाळ्यात एसी जनरेटरवरच घ्या. एक्झॉस्टला थर्मोस्टॅट लावा, एसी बंद पडला तरच तो सुरू व्हावा.

कंट्रोलरूमवाला:
बरोबर, ५० च लिहिलंय. एसी जनरेटरवर घेतला. आज बाहेर ४४, आत २९, अलार्म नाही. म्हातारेबुवा मात्र काल पुन्हा आले होते. त्यांच्या घरची लाईनच गेली होती, ते माझ्याकडे कसं येतं बे?