'द डेडली बीज': मूळ कादंबरीतला म्हातारा कुठे गेला?
'द डेडली बीज' या जीवघेण्या मधमाश्यांवरच्या जुन्या ब्रिटिश भयपटातल्या मधमाश्या खोट्या वाटतात, अशी तक्रार अनेक जण करतात; ती मान्य. थवे वेगळे चित्रित करून दृश्यांवर चढवलेत, ते कळतंच. पण मला खरी हळहळ वाटते ती पटकथेची. एच. एफ. हर्ड यांच्या १९४१ सालच्या मूळ कादंबरीत मधमाश्यांमागच्या गुन्ह्याचा छडा लावतात ते मधमाश्या पाळणारे वृद्ध मिस्टर मायक्रॉफ्ट, म्हणजे निवृत्त शेरलॉक होम्सच! चित्रपटात ते गायब. त्यांच्या जागी विश्रांतीला बेटावर आलेली पॉप गायिका. रॉबर्ट ब्लॉक यांनी पटकथा लिहिताना बोरिस कार्लॉफ आणि क्रिस्टोफर ली हे भयपटांतले गाजलेले अभिनेते डोळ्यांसमोर ठेवले होते. काय जुगलबंदी झाली असती! चित्रपटातल्या अभिनेत्यांपैकी फ्रँक फिनले मात्र छान. आणि सुरुवातीच्या गाण्यात तरुण रॉनी वुड (पुढे 'रोलिंग स्टोन्स' या रॉक बँडचा गिटारवादक) गिटार वाजवताना दिसतो, तो चुकवू नका.