कोल्हापूरजवळच्या पाचगावचा बंगला : प्लॅन मंजुरीला जायच्या आधी काय ते बोला

भाऊ: सगळ्यांना नमस्कार 🙏 पाचगावच्या प्लॉटचा प्लॅन पाठवलाय, दोन्ही मजल्यांचा. प्लॉट ४० बाय ५०, रस्ता पश्चिमेला. मार्जिन, म्हणजे चारी बाजूंची मोकळी जागा, सोडून ३० बाय ३५ चं बांधकाम बसतंय. खाली हॉल, किचन, डायनिंग, देवघर आणि गेस्ट बेडरूम. वर तीन बेडरूम. पुढच्या आठवड्यात मंजुरीला द्यायचाय. ज्याला जे वाटतंय ते सांगा.

मोठे काका: लय झ्याक. हॉल १८ फुटी केलास ते बेस. गौरी-गणपतीला सगळी भावकी मावली पाहिजे.

काकू: अभिनंदन 💐 किचन जरा बारकं वाटतंय.

आई: आमची खोली कुठली रे?

भाऊ: वरची, बाल्कनीवाली. सगळ्यात मोठी तुला आणि बाबांनाच ठेवलीय.

मी: तू मनापासून मोठी खोली दिलीस, पण ती वर आहे. पेठेतल्या घराच्या दोन पायऱ्या चढताना आई आत्ताच चौकट धरते. बंगल्यांच्या साईटवर मी हे नेहमी बघते. हौसेनं आई-वडिलांना वरची खोली देतात आणि काही वर्षांत आई हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागते, कपाट वर आणि ती खाली. आई-बाबांची खोली खालीच पाहिजे.

भाऊ: मग खालची गेस्ट रूम देऊ की त्यांना.

मी: आहे तशी नाही चालणार. १० बाय १० आहे ती. पलंग साडेसहा फूट लांब, पायथ्याशी २ फुटांचं कपाट. मधे उरतो दीड फूट. कपाटाचं दार उघडायला पलंगावर चढून बसावं लागेल. तीच खोली ११ बाय १३ कर, म्हणजे मधे साडेचार फूट मिळतात. उद्या वॉकर आला तरी वळेल. आणि बाथरूम आतूनच पाहिजे, ५ बाय ८ ची. दार ३ फुटी आणि बाहेर उघडणारं घे. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार माणसालाच अडतं, बाहेरून ढकलता येत नाही.

मोठे काका: जागा कुठनं आणणार पोरी?

मी: काका, प्लॅनमध्ये मधोमध पॅसेज बघा. ४ फूट रुंद, १४ फूट लांब. ५६ स्क्वेअर फूट नुसते चालायला. घर नीट लावलं तर तो पॅसेज लागतच नाही. हॉलची लांबी ३ फूट कमी केली की अजून ३६ मिळतात. खोलीला आणि बाथरूमला तेवढं पुरतंय.

मोठे काका: हॉलला हात लावू नका. सणाला माणसं काय पोर्चमध्ये बसवायची?

मी: हॉल आणि डायनिंगच्या मधली भिंत काढून तिथं ८ फुटी मोकळी जागा ठेवायची. सणाला सतरंजी हॉलपासून डायनिंगपर्यंत सलग पडेल. आत्ताच्या १८ फुटांपेक्षा जास्तच माणसं बसतील काका. रोजच्या दिवशी पडदा ओढायचा.

मोठे काका: मग हरकत नाही. पण मी टेप घेऊन बघणार.

वहिनी: ताई, मी दोन्ही मजल्यांच्या प्रिंट एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरल्या. वरचं बाथरूम बरोबर देवघराच्या डोक्यावर येतंय 😟

काकू: अगं बाई! हे कसं चालेल?

आई: देवावर नको गं काही.

मी: फार बरं केलंस बघ. हे कागदावर कुणाला दिसलं नव्हतं. वरचं बाथरूम सरळ खालच्या बाथरूमवर घ्यायचं. पाईप एकाच डक्टमधनं, म्हणजे पाईपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतनं उतरतील आणि पुढंमागं गळती झालीच तर ती बाथरूममध्येच होईल, देवघराच्या किंवा डायनिंगच्या छताला ओल येणार नाही. आता तुझं किचन सांग.

वहिनी: आग्नेयेला आहे, सकाळचं ऊन येतं, ते छान आहे. पण भांडी घासायची कुठं? मशीन कुठं? रविवारी खोबरं-कांदा भाजला की सगळा धूर हॉलमध्ये. पेठेत मागं परडं आहे म्हणून चालतं. इथं किचनच्या मागं स्टोअर रूम काढलीय, बंद.

आई: परडं पाहिजेच. चटणी करायच्या दिवसात मिरची भाजणार कुठं?

मी: मला तर हा सगळ्यात मोठा दोष वाटतो. तांबड्या-पांढऱ्याच्या घरात किचनला मागचं दार नाही म्हणजे काय! ती ६ बाय ८ ची स्टोअर काढा आणि तिथं छप्पर असलेली पण बाहेरून जाळी मारलेली मोकळी जागा करा. मोरी, नळ, मशीनचा पॉइंट, खाली ठेवायची शेगडी, वर कपडे वाळवायच्या दोऱ्या. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं मारतो आणि ही जागा पूर्वेला आहे, म्हणजे पावसाळ्यातही ती बऱ्यापैकी कोरडी राहील. स्टोअर जिन्याखाली जाईल.

भाऊ: जिन्याखाली टॉयलेट आहे.

मी: लँडिंगखाली, म्हणजे जिना मधे वळतो त्या टप्प्याखाली, स्लॅबची जाडी वजा जाता पाच फूटसुद्धा उंची राहत नाही. तिथं उभं कोण राहणार? पाहुण्यांचा संडास ४ बाय ५ चा, डायनिंगमधनं थोडी जागा घेऊन, बाथरूमला लागून कर. दार मात्र जेवणाच्या टेबलासमोर नको. आणि जिन्याचं बघ. १५ पायऱ्यांत १० फूट चढायचं म्हणजे एक पायरी ८ इंचाची. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या घराला जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर, म्हणजे साडेसात इंच. १८ पायऱ्या कर, उंची पावणेसातच्या आत येते. जिना मधे वळतो म्हणून त्याची लांबी फक्त १० इंच वाढते. दहा इंचांसाठी जन्मभर गुडघे दुखवायचे नाहीत.

आत्या (शाहूपुरी): आत्ता सगळं वाचलं. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आलं तेव्हा आम्ही काय काय उचललं ते तुम्हाला माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. जोतं उंच घ्या रे बाळांनो.

भाऊ: आत्या, पाचगाव उंचावर आहे, तिथं नदी येत नाही.

मी: नदी नाही, पण वरच्या उताराचं पाणी येतं. आत्या बरोबर सांगतायत. रस्त्यापासून २ फूट जोतं पाहिजे. मात्र आईसाठी पायऱ्यांबरोबर रॅम्पही लागेल. १ ला १२ उतार धरला तर २ फुटांना २४ फूट लांबी. बाजूच्या मार्जिनमध्ये लांबीला ३५ फूट आहेत, आरामात बसतो.

काकू: आई-बाबांची खोली नैऋत्येला येते ना? वास्तूलाही चांगलं.

मी: हो काकू. पण पाऊस आणि संध्याकाळचं ऊन दोन्ही त्याच कोपऱ्यावर. खिडकीवर छज्जा २ फुटी घ्या आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, पावसाळ्यात मागून ओल येऊन साड्यांना बुरशी लागते.

भाऊ: आर्किटेक्टना आत्ताच फोन केला. मंजुरीचं थांबवलंय. नवीन प्लॅन शनिवारपर्यंत देतो म्हणालेत.

मी: शाब्बास. रविवारी प्लॉटवर चुन्याची फक्की मारून सगळ्या खोल्या आखू. कागदावर ११ बाय १३ कळत नाही, जमिनीवर उभं राहिलं की कळतं.

भाऊ: सकाळी ८ ला. टेप, सुतळी, फक्की मी आणतो.

मोठे काका: मी हॉलसाठी येतोय.

आई: एक खुर्ची टाका माझ्यासाठी. पलंग कुठं यायचा ते मी तिथंच सांगते. आणि परड्यात नळ दोन ठेवा, एक उंच, एक खाली.