काराव्हाज्जोच्या ‘संत मत्तयाला पाचारण’ या चित्रातील हातांचा अर्थ

प्रश्न
मी सोलापुरात चित्रकलेचे शिक्षण घेत असून, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १५९९-१६०० मध्ये रोमच्या सान लुईजी देई फ्रान्चेझी चर्चसाठी रंगविलेल्या या चित्रावर मला टिपण लिहायचे आहे. येशू जकातदार मत्तयाला शिष्य होण्यासाठी बोलावत असूनही त्याचा पुढे केलेला हात मनगटाशी सैल का दिसतो? आपल्या मूर्तींतील अभयमुद्रेप्रमाणे बरोक (सतराव्या शतकातील युरोपीय शैलीच्या) चित्रांतील हातांचेही अर्थ ठरलेले होते का?

प्रतिसाद १
काही ठरलेले होते. दोन बोटे उंचावून दिलेला आशीर्वाद पाहणाऱ्याला लगेच ओळखू येई. हा हात मात्र सिस्टाईन चॅपेलच्या छतावरील मायकेलँजेलोच्या आदामाचा, म्हणजे देवाकडून जीवन स्वीकारणाऱ्याचा आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधील पहिल्या पत्रात ख्रिस्ताला ‘शेवटला आदाम’ म्हटले आहे, हे ध्यानात घेतले की घेणारा हातच येथे देणारा कसा झाला, हे उलगडते. शेजारी येशूचा शिष्य पेत्र, जो चर्चचा प्रतिनिधी मानला जातो, तीच खूण करतो. क्ष-किरण तपासणीनुसार तो नंतर रंगविलेला आहे. प्रॉटेस्टंट आव्हानाला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चने भरविलेल्या, १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतरच्या रोममध्ये, ख्रिस्ताची हाक चर्चच्या द्वारे पोहोचते असे त्यातून सुचवायचे असावे, असे मला वाटते.

प्रतिसाद २
तरीही प्रत्येक हाताचा अर्थ ठरीव यादीत शोधू नये. सोलापूरच्या आमच्या चर्चमध्ये बायबलमधील उत्पत्तीचा ४८वा अध्याय ऐकलेल्यांना ठाऊक असेल, की याकोबाने आपला मुलगा योसेफ याच्या दोन मुलांना आशीर्वाद देताना हात मुद्दाम एकमेकांवरून नेऊन थोरल्याच्या मानाचा उजवा हात धाकट्या एफ्राइमावर ठेवला आणि योसेफाला ते आवडले नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५६ मध्ये हाच प्रसंग रंगविताना हातांची ती फुली गाळली. त्याचा योसेफ विरोध करत नाही, वृद्ध बापाच्या हाताला आधार देतो. शास्त्रातली सर्वांत ठळक खूण वगळल्यामुळेच त्या चित्रात वारशाचा वाद मागे पडून कुटुंबाचे वात्सल्य पुढे येते, आणि माझ्या मते तेच त्याचे खरे मोठेपण आहे.

प्रश्नकर्ती
मग मत्तयाच्या चित्रातील दाढीवाला गृहस्थ बोट कोणाकडे दाखवतो? स्वतःकडे, की टेबलाच्या टोकाला मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या तरुणाकडे?

प्रतिसाद १
यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण मी दाढीवाल्यालाच मत्तय मानतो. त्याचा डावा हात ‘मी?’ असे विचारतो आणि उजवा अजून नाण्यांपाशीच आहे. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रात, तो उठून येशूच्या मागे जातो. काराव्हाज्जो त्या उठण्याच्या आधीच्या क्षणावर थांबतो. टिपणात प्रकाशाची दिशाही अवश्य नोंदवा: चित्रात रंगविलेल्या खिडकीतून उजेड येत नाही, तो उजवीकडून, येशूच्या डोक्यावरून, त्याच्या हाताच्याच दिशेने टेबलापर्यंत पोहोचतो.