निसर्गचित्रात माणूस कुठे आहे?

रंकाळावाली

नमस्कार मंडळी. माहेर कोल्हापूर, सासर गोव्यात कुंभारजुव्याला. लग्नाला अकरा वर्षं झाली. कोंकणी समजते, पण बोलायला गेलं की तोंडात मराठीच येते आणि घरातले हसतात. हे आधीच सांगून ठेवते.

दोन वर्षांपासून आम्ही सहा-सातजण रविवारी सकाळी जलरंग घेऊन बाहेर पडतो. गेल्या रविवारी घराजवळच्याच खाजनाच्या (नदीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतीच्या) बांधावर बसले होते. एका बाजूला भरतीने फुगलेली नदी, दुसऱ्या बाजूला शेतात साचलेलं पाणी, मध्ये बांधाची हिरवी रेघ, मागे माडांची रांग आणि वर पावसाळा संपतानाचं आभाळ. बांधाच्या मधोमध चिऱ्याचं एक बसकं, शेवाळलेलं बांधकाम होतं. ते चित्राला जड होईल म्हणून गाळलं. दोन्हीकडच्या पाण्यात आभाळ उतरवलं आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, इतका झकास बसला की घरी येताना कागद मी बाळासारखा धरून आणला.

सासरे सोप्यावर बसले होते. वय ७८, सगळा जन्म शेतीत गेलेला. त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. तोंडात पानाचा तोबरा. मग म्हणाले, "बरें जालां. पूण हातूंत मनीस खंय?"

मी म्हटलं, "बाबा, हे निसर्गचित्र आहे. यात माणूस लागत नाही." ते काही बोलले नाहीत. कागद परत दिला आणि उठून मागच्या दारी गेले.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. नुसती झाडं, पाणी, आभाळ एवढंच काढून त्याला चित्र म्हणायचं, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं? लोकांनी ते मान्य केलं का? आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतो की युरोपात निसर्गचित्राला अगदी खालचा पाट होता. खरं आहे का? जाणकारांनी सांगावं. विकिपीडिया वाचून झालाय, त्याची लिंक देऊ नये ही विनंती.

जुना ब्रश

खरं आहे. तुमच्या सासऱ्यांचा आक्षेप पॅरिसच्या चित्रकला अकादमीलाही मान्य झाला असता. १६६७ साली फेलिबियां नावाच्या माणसाने चित्रांची चक्क उतरंड लिहून ठेवली. तळाला फळं, फुलं, शिंपले. त्यांच्यावर निसर्गचित्र, त्याच्यावर जिवंत जनावरं, मग माणूस, आणि सगळ्यात वर इतिहास-पुराणातले प्रसंग. कारण काय, तर माणूस ही देवाची सर्वांत पूर्ण निर्मिती, तेव्हा तिला काढणारा थोर. म्हणजे झाडवाला हा भाजीवाल्याच्या एकच पायरी वर. मी ३१ वर्षं गोव्यात बार्देशातल्या शाळांत चित्रकला शिकवली. स्टाफरूममध्ये गणितवाले माझ्याकडे बघायचे ते साधारण असंच.

आता तुमचा मूळ प्रश्न. माणूस चित्रातून एका रात्रीत गेला नाही. आधी तो लहान झाला.

आजच्या बेल्जियममधल्या आंटवर्पला पातिनिर नावाचा चित्रकार होता. त्याचं संत जेरोमचं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात संत सिंहाच्या पंजातला काटा काढतोय, पण तो शोधावा लागतो. डोळ्यांत भरतात ते मागचे सुळक्यासारखे खडक आणि निळी पडत गेलेली दरी. पुढे तपकिरी, मध्ये हिरवं, लांब निळं, ही त्या काळच्या फ्लेमिश चित्रकारांची ठरलेली युक्ती. अजूनही चालते, करून बघा. त्याच प्रादोत संत अँथनीचं एक चित्र आहे. त्यातला निसर्ग पातिनिरचा आणि माणसं क्वेंतिन मात्सिसने काढलेली. म्हणजे गिऱ्हाइकाला माणूस हवा होता म्हणून तो दुसऱ्याकडून भरून घेतला! १५२१ साली ड्यूरर या जर्मन चित्रकाराने आपल्या रोजनिशीत या पातिनिरला 'चांगला निसर्गचित्रकार' म्हटलंय. धंद्याला नाव पडलं की धंदा सुरू झाला असं समजावं.

अजिबात माणूस नसलेलंही मिळतं. लिओनार्दोचं आर्नोच्या खोऱ्याचं शाईचं रेखाटन आहे, त्यावर त्याने स्वतःच तारीख घातलीय, ५ ऑगस्ट १४७३. पण ते रेखाटन. रंगात म्हणाल तर जर्मनीतला आल्टडॉर्फर. डॅन्यूबकाठचं एक छोटंसं चित्र, लांबीरुंदीला शाळेच्या वहीच्या पानाएवढं. झाडं, वाट, लांब किल्ला आणि पेटलेलं आभाळ. ना संत ना शिकारी. हे १५२० च्या आसपासचं.

पुढे रोममध्ये क्लोद लोरँ हा निसर्गचित्रकार. त्याच्याबद्दल सांगतात की तो म्हणायचा, मी विकतो निसर्ग, माणसं फुकट देतो.

पण खरा बाजार उभा केला डचांनी. 'लँडस्केप' हा शब्दच मुळी त्यांच्या 'लांडस्खाप'वरून इंग्रजीत आला. डचमध्ये त्याचा जुना अर्थ मुलूख, परगणा असा. धर्म बदलला, कॅथलिक जाऊन प्रोटेस्टंट आला, चर्चकडून येणारी मोठी कामं बंद झाली, आणि चित्र घेणारा उरला तो कापडवाला, बेकरीवाला. त्याला घरातल्या भिंतीसाठी परवडेल असं काहीतरी हवं. यान फान खोयेनने त्यावर उपाय काढला: चारदोन स्वस्त मातकट रंग, पातळ हात, झटपट काम. नदी, होडी आणि उरलेल्या दोन तृतीयांश भागात आभाळ. चित्रं ढिगाने खपली. एवढं करून तो ट्यूलिपच्या आणि जमिनीच्या सट्ट्यात बुडाला आणि १६५६ मध्ये कर्ज डोक्यावर ठेवून मेला. पण सुंदर चित्रं, हो. राखाडी आभाळात इतकी हवा कुणी भरली नाही.

(चीनमध्ये हे सगळं याच्या कितीतरी आधी झालं होतं. गुओ शीचं 'वसंताची सुरुवात' १०७२ चं. तिकडे निसर्गचित्राला 'डोंगर-पाणी' म्हणतात आणि त्याचं स्थान वरचं. पण त्यावर वेगळा धागा लागेल.)

मग इंग्लंडचा चित्रकार कॉन्स्टेबल. हा माझा देव, तेव्हा थोडं सहन करा. १८२१-२२ मध्ये हा माणूस लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवत बसला होता. आणि कागदाच्या मागे लिहायचा: तारीख, किती वाजले, वारा कुठून. मी मुलांना हे सांगायचो आणि प्रत्येक चित्रामागे वेळ लिहायला लावायचो. मुलं घरी बसून 'सकाळी ७' लिहायची आणि सावली दुपारची काढायची. पकडली जायची. त्याचं 'हे वेन' (गवताची गाडी) हे चित्र १८२४ मध्ये पॅरिसला गेलं आणि सुवर्णपदक घेऊन आलं. उतरंडीला भेग पडली ती तिथे, असं माझं मत.

आणि एक गोष्ट कलेच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, ती म्हणजे रंगाची ट्यूब. तोवर तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवायचे, खिळ्याने भोक पाडायचं, पिळायचं आणि खिळा परत बसवायचा. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. पिशवीत टाका आणि चला नदीवर. मोने वगैरे फ्रेंच चित्रकार मंडळी दिवसभर बाहेर उभी राहू शकली त्यात या पत्र्याचा वाटा मोठा.

पेठकर

आणि दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, खालून नदी, काठावर झोपडी, टिकमार्कसारखे पक्षी, हे कुठल्या घराण्याचं?

जुना ब्रश

@पेठकर, घराणं चित्रकलेचा तास, शनिवार सकाळ. त्यातल्या निम्म्या मुलांच्या गावात एकही टोकदार डोंगर नव्हता. मी विचारायचो, नारळ उभा का काढला? आपल्याकडचा माड पाण्याकडे कलतो. मुलं म्हणायची, सर, पुस्तकात सरळ आहे.

रंकाळावाली

सर, एवढं टंकल्याबद्दल मनापासून आभार. माणूस आधी लहान झाला, मग दुसऱ्याकडून काढून घेतला, मग फुकट दिला, हे आज जेवताना घरात ऐकवलं. बाबा ऐकत होते, पण बोलले काही नाहीत.

आपल्याकडचंही थोडं सांगा ना. मी कोल्हापूरची, त्यामुळे चित्रकार आबालाल रहिमान हे नाव लहानपणापासून कानावर. पण ते एकटेच होते का? आणि गोव्यातलं काय?

जुना ब्रश

आपल्या लघुचित्रांत निसर्ग भरपूर, पण तो कामाला लावलेला. ढग दाटतात ते नायिका वाट बघतेय म्हणून. नुसता देखावा विकायला आले ते इंग्रज. १७८० मध्ये हॉजेस हा चित्रकार आला. नंतर डॅनियल काका-पुतणे १७८६ ते १७९३ देशभर फिरले आणि परत जाऊन १४४ छापचित्रं काढली. पडकं देऊळ, मोठा वड, खाली दोन माणसं. ती माणसं कशाला, तर देऊळ किती उंच ते कळावं म्हणून. फूटपट्टीच्या जागी माणूस!

मग १८५७ ला मुंबईत जे. जे. हे कलाविद्यालय सुरू झालं आणि आपली पोरं जलरंग शिकली. आबालाल तिथे शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठी राहिले. तेच तळं, तीच झाडं, पुन्हा पुन्हा. १९३१ ला गेले. तुम्ही त्या पाण्याजवळ वाढलात, मला हेवा वाटतो. तुमच्या शेजारच्या सावंतवाडीत जन्मलेले हळदणकरही जलरंगातले उस्ताद, पण लोक त्यांना दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रासाठीच ओळखतात. बघा, परत माणूसच जिंकला.

गोव्याचं म्हणाल तर एक गंमत. गोव्याचं सगळ्यात गाजलेलं जुनं दृश्य एका डच माणसाचं. लिन्सखोटन १५८३ मध्ये इथे आला, आर्चबिशपचा चिटणीस म्हणून. १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचं पुस्तक निघालं. त्यात जुन्या गोव्याच्या बाजाराचं चित्र आहे. छत्र्या, पालख्या, घोडे, लिलाव, माणसांनी नुसता गच्च रस्ता. हा जन्मला हार्लेमला. पुढे त्याच हार्लेमची सपाट शेतं आणि वर अफाट आभाळ रॉइसडाल या डच चित्रकाराने काढलं.

आपला म्हणावा असा चित्रकार त्रिनदाद. जन्म सांगे, १८७०. जे. जे. मध्ये शिकवलं, व्यक्तिचित्रांत नाव काढलं. पणजीला फोंतेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे त्याची चित्रं आहेत. तुमच्यापासून पाऊण तासावर, जाऊन या.

बांधावरचा

कलेतलं मला ओ की ठो कळत नाही. धागा दिसला कारण 'खाजन' शब्द होता. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या खाजनात भात करतं.

ताई, एक विचारू? सासरे 'मनीस' म्हणाले की 'मानस'?

तुम्ही जे शेवाळलेलं चिऱ्याचं बांधकाम गाळलं म्हणता ना, त्याला मानस म्हणतात. बांधातलं दार. आत लाकडाची झडप असते. भरती चढली की नदीचंच पाणी झडप दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून ती उघडतं आणि पावसाचं पाणी नदीत जातं. माणूस लागत नाही. आतल्या बाजूला मानसीपाशी खोल डबकं असतं, तिथली मासळी पकडण्याचा हक्क लिलावात जातो. आमच्याकडे त्या लिलावावरून जितकी भांडणं झाली तितकी जमिनीवरून झाली नसतील.

आणि दुसरं. भरतीची नदी आणि शेतातलं पाणी दोन्हीत आभाळ उतरवलंत. दोन्ही पाणी एका पातळीत काढलं नाही ना?

जुना ब्रश

@बांधावरचा, तुमच्या पायांचा फोटो पाठवा, नमस्कार करतो. मी इथे पाच शतकांचा माणूस शोधत बसलो होतो!

आणि डचांचीही जमीन अशीच. १६१२ मध्ये बेमस्टर नावाचं अख्खं तळं पवनचक्क्या लावून उपसलं आणि तळाशी शेती केली. त्यांच्या चित्रांत ती पवनचक्की नुसती शोभेला नसते. ती गाळली तर बाकीचं चित्र पाण्याखाली.

रंकाळावाली

उशीर झाला, माफ करा. काल संध्याकाळी बाबा पान थुंकून येईपर्यंत मी थांबले आणि मग त्यांना विचारलं. "बाबा, त्या दिवशी मनीस म्हणालात की मानस?"

"मानस गो," म्हणाले. "मनशाक किदें करूं?" माणसाला काय करायचंय!

मग चष्मा मागवला, चित्र मागवलं. पातळीचंही खरं निघालं. मी दोन्हीकडे पाणी एकसारखं काढलंय, बांधाच्या काठाला टेकलेलं. बाबा म्हणाले, असं दिसतं ते बांध फुटला की, आणि तसं त्यांनी एकदा पाहिलंय, तरुणपणी. ते पीक गेलंच, पुढची काही वर्षंही शेतात खार राहिला. हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. लाइटच्या बिलाच्या मागे त्यांनी मानस काढून दाखवली. झडपेची बिजागरी वर, हे दोनदा गिरवलं. रेषा थरथरते, पण माझ्यापेक्षा बरी.

कॉन्स्टेबल कागदामागे वारा लिहायचा तेही सांगितलं. ते त्यांना एकदम पटलं. माझ्या हातून पेन्सिल घेतली, चित्र उलटं केलं आणि मागे कोंकणीत लिहिलं: भरती, मानस ना.

येत्या रविवारी परत तिथेच बसणार आहे. ओहोटी कधी लागते ते बाबांना विचारलंय. साडेआठच्या आधी जाऊ नकोस म्हणाले.