मदत हवी आहे: टीव्ही बॉक्सला घरचं वाय-फाय दिसत नाही, दिसलं तर इंटरनेट चालत नाही

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला राहते. माहेर डिचोली तालुक्यात, मयेच्या जवळ. तिथे आई-बाबा दोघंच असतात. बाबा ७८ वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही पेपर फार वेळ वाचवत नाही, आणि आईचे गुडघे इतके धरलेत की देवळातल्या कीर्तनाला जाणं बंद झालंय. म्हणून ठरवलं की घरच्या टीव्हीवर यूट्यूब सुरू करून द्यायचं. आईला कीर्तन, बाबांना संगीत नाटकं. टीव्ही जुना आहे, स्मार्ट नाही, पण एचडीएमआय पोर्ट आहे. म्हापशाच्या बाजारातून एक अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आणला. फायबरचं कनेक्शन घरात आधीपासून आहे, कारण मुंबईचा भाऊ आला की तिथूनच काम करतो.

आता अडचण. पहिल्या रविवारी दुकानातल्या मुलाने घरी येऊन सगळं जोडलं, तारीख-वेळ लावली, पासवर्ड टाकला. छान चाललं. आईने त्या संध्याकाळी दोन तास कीर्तन ऐकलं. मंगळवारी पावसात लाईट गेली, आली, आणि तेव्हापासून बंद. बॉक्सच्या वाय-फाय यादीत शेजाऱ्यांचं नाव दिसतं, आमचं दिसत नाही. मोडेम बंद करून चालू केला की कधी दिसतं, कधी नाही. दिसलं तर जोडलंही जातं, पण खाली ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असं येतं आणि यूट्यूब उघडत नाही. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट देऊन पाहिला, तिथेही अगदी तसंच. फोनवर मात्र तेच नेट व्यवस्थित चालतं.

आतापर्यंत केलेले उपाय: बॉक्स दोनदा फॅक्टरी रीसेट केला. पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलाय, तो अक्षर-अक्षर तपासून टाकला. मोडेम दहा मिनिटं बंद ठेवून पाहिला. नेटवाल्यांचा माणूस येऊन म्हणाला, लाइन ठीक आहे, बॉक्स खराब. दुकानदार म्हणाला, बॉक्स ठीक आहे, नेट खराब. बाबांना आता वाटतंय की आपण रिमोटवर काहीतरी चुकीचं दाबलं. ते रिमोटला हातच लावत नाहीत. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मोडेम बाहेर सोप्यात आहे, टीव्ही माजघरात. मध्ये चिऱ्याची एक जाड भिंत. बॉक्स टीव्हीच्या मागे चिकटवलाय. चवथीच्या आधी हे मार्गी लागावं अशी फार इच्छा आहे. कृपया सांगा, नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १ (साखळीहून)

ताई, तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिली आहे. हॉटस्पॉटवरही तोच संदेश येतो. म्हणजे ‘नो इंटरनेट’ हा दोष तुमच्या लाइनीचा नाही, बॉक्समध्येच काहीतरी आहे. पण म्हणून बॉक्स खराब आहे असं लगेच धरू नका, दुकानात परतही नेऊ नका.

आधी दोन गोष्टी बघून सांगा. बॉक्सच्या पडद्यावर आज कोणती तारीख दिसते? वेळ नको, तारीख आणि वर्ष. आणि टीव्हीजवळच उभं राहून फोनच्या यादीत घरचं वाय-फाय दिसतं का?

धागाकर्ती

आत्ताच बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी फोन टीव्हीकडे धरला. सेटिंग्जमध्ये १ जानेवारी २०१५ दिसतंय! मी इतक्या वेळा तो पडदा पाहिला, तारखेकडे कधी लक्षच गेलं नाही. आणि हो, टीव्हीजवळ फोनवर घरचं वाय-फाय दिसतं, तीन काड्या.

प्रतिसाद १

मग अर्धं काम झालं. बहुतेक स्वस्त बॉक्समध्ये घड्याळ जिवंत ठेवणारी छोटी बॅटरी नसते. लाईट गेली की तारीख कारखान्यातल्या तारखेवर जाते. यूट्यूब किंवा कुठलीही सुरक्षित साइट उघडताना बॉक्स तिचं प्रमाणपत्र तपासतो. त्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. बॉक्सच्या हिशोबाने आज २०१५ साल आहे, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. म्हणून तो नाकारतो. नेट आहे की नाही हे अँड्रॉइड अशाच एका पानाला हाक मारून ठरवतं, ती हाकही फुकट जाते, म्हणून ‘नो इंटरनेट’. हॉटस्पॉट दिला काय, घरचं वाय-फाय दिलं काय, चूक तीच.

दुकानातल्या मुलाने तारीख हाताने लावली असं तुम्ही लिहिलंय. हाताने लावताना ‘ऑटोमॅटिक डेट अँड टाइम’ बंद करावं लागतं, आणि ते बंदच राहिलं असणार. सेटिंग्जमध्ये ‘डेट अँड टाइम’मध्ये जा, ऑटोमॅटिकच्या जागी ‘यूज नेटवर्क-प्रोव्हायडेड टाइम’ निवडा, टाइम झोन कोलकाता ठेवा. यापुढे लाईट गेली तरी नेट जोडलं की वेळ आपोआप बरोबर होईल. रीसेट करायची गरज नाही.

बाबांना जरूर सांगा की त्यांच्या हातून काही बिघडलेलं नाही.

प्रतिसाद २ (वास्कोहून)

वरचं सगळं पटलं. पण नेटवर्कचं नाव कधी दिसतं, कधी नाही, याचा तारखेशी संबंध नाही. तो वेगळा दोष आहे, आणि तोही लाईट गेल्यावरच सुरू झाला म्हणून दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला आपल्या देशात १ ते १३ चॅनेल, म्हणजे लहरींच्या ठरलेल्या वाटा, वापरता येतात. अमेरिकेत १ ते ११. बाहेरून येणारे बरेच बॉक्स अमेरिकेच्या हिशोबाने बसवलेले असतात, त्यांना १२ आणि १३ ऐकूच येत नाहीत. मोडेम ‘ऑटो’वर असेल तर दर वेळी सुरू होताना तो स्वतःच चॅनेल निवडतो. १३ निवडला की बॉक्स आंधळा, ६ निवडला की पुन्हा दिसायला लागतो. आपले फोन इथल्या हिशोबाचे असतात, म्हणून फोनला कायम दिसतं. शेजाऱ्यांचा मोडेम खालच्या चॅनेलवर असणार.

उपाय सोपा आहे. वाय-फायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ असतो. मोडेमच्या खालच्या स्टिकरवर तो पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेले असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस सेटिंगमध्ये चॅनेल ‘ऑटो’ऐवजी १, ६ किंवा ११ करा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. शेजारी ६ वर असतील तर तुम्ही १ किंवा ११ घ्या. तिथेच सुरक्षेच्या रकान्यात फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) असेल तर डब्ल्यूपीए२ करून ठेवा, जुन्या बॉक्सना ३ झेपत नाही.

मोडेम दोन नावं दाखवत असेल आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ असेल, तर त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झ. वेग जास्त, पण भिंत ओलांडायची ताकद कमी. तुमच्याकडे बॉक्स २.४ वरच ठेवा.

प्रतिसाद ३ (पेडण्याहून)

आमचंही चिऱ्याचं घर आहे, आजोबांच्या वेळचं. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि सिग्नल अजून पडतो, हे मी दर वर्षी बघतो. माझं मत, सरळ रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पुढे नेणारं छोटं यंत्र) घ्या आणि दरवाजात लावा. हे चॅनेल वगैरे वयस्कर माणसांच्या घरी कोण बघत बसणार?

प्रतिसाद २

पेडणेकर, चॅनेल एकदाच बदलायचा आहे, रोज नाही. रिपीटरसुद्धा मोडेमचाच चॅनेल पुढे नेतो. मोडेम १३ वर गेला तर रिपीटरही १३ वर, मग बॉक्सला काय दिसणार? शिवाय लाईट गेल्यावर सुरू व्हायला अजून एक यंत्र. तीन काड्या येत आहेत, पूर्ण एचडीला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, कीर्तनाला तेवढं खूप झालं. भिंतीचा त्रास खरंच असेल तर नेटवर्कची केबल ओढा, १०० मीटरपर्यंत ती बिनधास्त चालते आणि तुमच्या घरात १२-१५ मीटर लागेल. वायरिंगवाला खिडकीच्या चौकटीतून काढून देईल, चिरा फोडावा लागत नाही.

त्याआधी बॉक्स टीव्हीच्या मागून बाहेर काढा. टीव्हीच्या पाठीला धातूचा पत्रा असतो, बॉक्सचा अँटेना त्याच्या सावलीत बसतो. थोडी लांब एचडीएमआय केबल घेऊन बॉक्स बाजूला, दरवाजाच्या रोखाने ठेवा. अजून एक विचारतो, बॉक्सला पेन ड्राइव्ह लावलाय का?

धागाकर्ती

हो, बाबांचा भजनांचा पेन ड्राइव्ह कायम लावलेला असतो. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेलं आहे. तो काढावा लागेल का?

प्रतिसाद २

काढू नका, जागा बदला. बॉक्सला यूएसबीचे दोन पोर्ट असतील. ज्याच्या आत निळं प्लास्टिक आहे तो यूएसबी ३. त्यातून माहिती वाहताना जो विद्युत गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने यावर २०१२ मध्ये सविस्तर लिहिलं होतं. अँटेना शेजारीच असल्यामुळे बॉक्सला मोडेमचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. पेन ड्राइव्ह काळ्या पोर्टात लावा, भजनं तशीच वाजतील.

प्रतिसाद ४ (मडगावहून)

थोडं वेगळं, पण सांगायलाच हवं. स्वस्त, नाव नसलेल्या काही अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर येतं. ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाच्या अशा जाळ्याबद्दल एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला होता. ते सॉफ्टवेअर तुमच्या घरचं नेट तुमच्या नकळत दुसऱ्यांना वापरू देतं. तुमचा बॉक्स तसा आहे असं मी म्हणत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्टची (गूगलच्या सुरक्षा तपासणीची) नोंद असते, तिथे ‘सर्टिफाइड’ लिहिलंय का बघा. नसेल तर बाबांचं बँकेशी जोडलेलं गूगल खातं त्यात टाकू नका, आणि मोडेममधलं ‘गेस्ट नेटवर्क’ (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) चालू करून बॉक्स त्यावर ठेवा.

धागाकर्ती

शनिवारी माहेरी जाऊन आले. थोडं उशिरा लिहितेय, क्षमस्व.

आधी तारीख ऑटोमॅटिक केली. हॉटस्पॉटवर लगेच यूट्यूब उघडलं. मग मोडेमचं पान उघडलं, चॅनेल ‘ऑटो’ होता आणि त्या क्षणी १३ वर बसलेला होता! १ केला, दहा सेकंदांत बॉक्सच्या यादीत आमचं नाव सगळ्यात वर आलं. मुद्दाम मेन स्विच पाडून तीनदा लाईट घालवून पाहिली. तिन्ही वेळा काही न करता सगळं परत जोडलं गेलं.

बॉक्स बाहेर काढून काचेच्या कपाटाशेजारी ठेवला, पेन ड्राइव्ह काळ्या पोर्टात लावला. आधी एक-दोन काड्या यायच्या, आता चार. केबल ओढायची सध्या गरज वाटत नाही. प्ले प्रोटेक्टमध्ये ‘सर्टिफाइड’ नव्हतं. म्हणून नवीन खातं काढून तेच त्यात टाकलं आणि बॉक्स गेस्टवर ठेवला. मडगावकर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बाबांना सगळं समजावून सांगितलं. तारीख २०१५ ची होती हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?’ नंतर रिमोट स्वतः हातात घेतला आणि बोलून शोधायचं बटण दाबून नाटकाचं नाव सांगितलं. आई म्हणाली, आधी माझं कीर्तन. साखळीकर दादा, वास्कोकर दादा, देव बरें करूं.

एक शेवटचं विचारते. आमच्याकडे पावसात दिवसातून चार-चार वेळा लाईट जाते. मोडेमला छोटा यूपीएस लावावा का? कोणता घ्यायचा?

प्रतिसाद १

ताई, वाचून फार बरं वाटलं.

जरूर लावा. मोडेमच्या अडॅप्टरवर ‘आउटपुट’च्या पुढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. बहुधा १२ व्होल्ट असेल. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिन बसते का ते दुकानात मोडेमचा अडॅप्टर नेऊनच बघा. टीव्ही बॉक्स बहुधा ५ व्होल्टचा असतो, त्याची पिन चुकून १२ च्या तोंडात घातली तर तो जळेल. म्हणून बाबांसाठी त्या वायरीला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

आणि विजा चमकायला लागल्या की यूपीएसचा भिंतीतला प्लग काढायचा, हे दोघांनाही सांगून ठेवा. मोडेम बॅटरीवर चालूच राहतो. टीव्हीचा प्लग मात्र त्या वेळी काढलेलाच बरा, कीर्तन तेवढा वेळ फोनवर ऐकता येईल.